दोन वेढे

"मामा, खांबाला दोन वेढे द्या. गाठ मारायची नाही," रानवडे बाई म्हणाल्या.

मी घायपाताचा दोर शाळेच्या व्हरांड्यातल्या लाकडी खांबाभोवती दोनदा फिरवला. एक टोक नववीतल्या सहा दांडग्या मुलांच्या हातात दिलं. दुसरं कुणाला द्यायचं म्हणून बाईंकडे पाहिलं. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि शालनला पुढे बोलावलं. शालन खिलारे तेरा वर्षांची होती, पण दिसायची दहाची. पावसाळ्यात तिचं दप्तर तिच्यापेक्षा जड व्हायचं.

"बाई, ही उडून जाईल," एकजण म्हणाला.

"उडाली तर झेल तिला. ओढा आता."

सहाजणांनी ओढलं. शालन घाबरून डोळे मिटून उभी होती. दोर ताठ झाला, खांब करकरला, पण तिच्या हातातलं टोक बोटभरही सरकलं नाही. मुलांनी पाय रोवले, एकाची चप्पल तुटली. शालननं एक डोळा उघडला, मग दुसरा. मग तिनं एक हात सोडला आणि तो कमरेवर ठेवला. अख्खा वर्ग ओरडायला लागला, तसे हेडमास्तर घोलप सर खिडकीतून डोकावून गेले.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "त्या सुनेनं एकटीनं नवऱ्याला कड्यावरून उतरवलं ते खरं की खोटं?"

"खरं," वर्ग म्हणाला.

ती सून पुस्तकातली होती. बाईंच्या घरी आजोबांच्या वेळची एक कादंबरी होती, पुठ्ठा निघालेली. वेढा पडलेला गड, जखमी सरदार, आणि पहाटेच्या अंधारात त्याला दोरावरून खाली सोडणारी त्याची बायको. घर्षणाची व्याख्या मुलं पाढ्यासारखी घडाघडा म्हणायची आणि त्यातलं एकाही पोराला काही कळलेलं नसायचं. म्हणून बाई आठवडाभर ती कादंबरी वर्गात वाचत होत्या. तेल लावलेल्या ओंडक्यांवरून तोफ वर चढते ती का, ओल्या फरशीवर घोडा घसरतो तो का. कड्याच्या प्रसंगाला मुलं हसली होती. कादंबरीत काहीही लिहितात, म्हणाली होती. त्याचं उत्तर म्हणून हा दोर.

मी त्या शाळेत शिपाई होतो. त्याआधी बावीस वर्षं विहिरी खोदल्या. सुरुंगाचा एक दगड उडून उजव्या खांद्यात बसला, हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हा घोलप सरांनी मला शाळेत लावून घेतलं. रानवडे बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी आल्या होत्या, तात्पुरत्या. मी एका वर्गाच्या नोटिसा भलत्याच वर्गात नेऊन देतो हे त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं आणि दुपारच्या सुट्टीत मला अक्षरं शिकवायला बसल्या. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. बाराखडी झाल्यावर सरावाला त्यांनी तीच कादंबरी दिली. मला एका पानाला तीन दिवस लागायचे. त्या आठवड्यात मी कड्याच्या प्रसंगाशी पोचलो होतो. सुनेनं दगडी खांबाला दोन वेढे दिले आणि दोर हातात घेतला, तिथवर.

"उरलेला धडा सोमवारी," घंटा झाल्यावर बाई म्हणाल्या. "कोणत्या खांबाला वेढे चालतात आणि कोणत्या नाही, ते."

तो शनिवार होता.

रविवारी सकाळी घोलप सरांच्या घरचं दळण डोक्यावर घेऊन मी खिलाऱ्यांच्या मळ्यावरून गिरणीकडे चाललो होतो. विहिरीवर शालनचा बाप, ज्योतिराम, शर्ट काढून उभा होता. शालन शेजारी.

"दुर्गाप्पा, बरा आलास. जरा हिकडं ये," त्यानं हाक मारली.

मोटारीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड गाळानं तुंबलं होतं. विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. वरून चार परसांपर्यंत भिंतीत पाय ठेवायला पायटे होते, खालचे ढासळलेले. दर वर्षी त्याचा भाऊ सोपान आणि आणखी दोघं दोर धरायचे. सोपान बायकोला घेऊन लग्नाला गेला होता, आणि ऊस वाळत होता.

"ही म्हंती, मी एकटी धरती म्हणून," ज्योतिराम हसत म्हणाला. "काल शाळंत सहाजणांला धरलं म्हणं हिनं. मी म्हटलं, बाई, मी काय शाळंतला खांब हाय व्हय?"

"मामा, सांगा की अण्णास्नी," शालन म्हणाली. "तुम्हीच दोर गुंडाळला होता. धरलं का न्हाई मी?"

"धरलं," मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे," ज्योतिराम म्हणाला. "तू विहिरीतला माणूस. तू सांग. दोन येढं दिलं तर ही पोरगी धरंल का मला?"

विहिरीच्या काठावर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा रोवलेला होता, कप्पी अडकवायला. त्यालाच त्यांनी वेढे दिले होते. दोर निळा, नायलॉनचा, बाजारातून नुकताच आणलेला. मी ते पाहिलं. बावीस वर्षं ज्या हातांनी दोर धरले त्या हातांना काहीतरी खटकलं, हेही मला आठवतं. पण ज्योतिराम माझ्याकडे बघत होता, शालन बघत होती, आणि आजवर जन्मात कधी म्हणता न आलेलं एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं.

"धरंल," मी म्हणालो. "पुस्तकात आहे. मी स्वतः वाचलंय."

"आयला, दुर्गाप्पा वाचायला लागला," ज्योतिराम म्हणाला. "मग काय भ्याव न्हाई."

मी डाव्या हातानं डोक्यावरचा डबा सावरला आणि गिरणीची वाट धरली. सरांकडे दहाच्या आत पीठ पोचवायचं होतं.

ओढ्याच्या पलीकडे गेलो असेन, तेव्हा किंकाळी ऐकली. बाईमाणसाची वाटली. ती शालनची होती. डबा टाकून मी पळत मागे आलो.

ज्योतिराम खाली खडकावर पडला होता, कमरेखाली पाण्यात. पायट्यांवर होता तोवर त्याचा भार भिंतीवर होता. शेवटचा पायटा सोडून तो दोराला लोंबकळला आणि सगळं वजन एकदम वेढ्यांवर आलं. शालन रुळाशी बसली होती, दोन्ही मुठी घट्ट मिटून पोटाशी धरलेल्या. ती रडत नव्हती. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आसपासच्या मळ्यांतली माणसं आली, बाज खाली सोडून आम्ही त्याला वर काढलं. दोर मीच बांधले. जीपमधून तालुक्याला नेताना तो वाटेतच गेला.

सोमवारी धडा झाला नाही. दुपारी बाईंनी मला बोलावलं.

"मामा, मला ती विहीर दाखवा."

मळ्यात कुणी नव्हतं. निळा दोर तसाच पडला होता. बाई रुळाशी वाकल्या आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"ऑइल आहे."

"कप्पीला घालतात. तेच ओघळतं," मी म्हणालो.

"लोखंड गुळगुळीत, वर ऑइल, आणि दोर असा." त्यांनी नायलॉन चिमटीत धरून सरकवला. "इथे दोन वेढ्यांनी काय होणार? सहा दिले असते तरी मला भरवसा नसता." त्या पायरीवर बसल्या. "पुढच्या पानावर ती सून खांबाला गोणपाट गुंडाळते. दवानं खांब ओला असतो म्हणून. ते पान सोमवारचं होतं, मामा. शनिवारी वेळ नव्हता असं नाही. मुलं खूश होती, ओरडत होती, मला वाटलं, आज इथेच थांबावं."

मी वाकून दोराचं टोक उचललं.

"विहिरीची कामं करणारे काय करतात?" त्यांनी विचारलं.

"गोणपाट तर लावतातच. आणि दोराचं शेवटचं टोक मागं झाडाला बांधतात. वेढे सुटले तरी माणूस अधांतरी राहतो, खाली जात नाही."

"प्रत्येक वेळी?"

"बावीस वर्षांत टोक बांधल्याशिवाय आम्ही कुणाला उतरवलं नाही."

बाईंनी मागे पाहिलं. कडुनिंबाचं झाड दहा पावलांवर होतं.

"एखादं जाणतं माणूस त्या वेळी इथे असतं," त्या म्हणाल्या, "तर एका नजरेत कळलं असतं."

मला बोलायचं होतं ते तिथे. विहिरीवर आम्ही दोघंच होतो, कुणी ऐकणारं नव्हतं. मी दोर गुंडाळून ठेवला आणि म्हणालो, "ऊन लागतंय, बाई. चला."

मंगळवारी घोलप सरांच्या खोलीत बैठक झाली. संस्थेचे चेअरमन आबासाहेब खुर्चीत, सर त्यांच्या शेजारी, सोपान समोर. तो लग्नाहून थेट मातीला आला होता, त्याच्या टोपीवर अक्षतांची हळद तशीच होती. बाई भिंतीशी उभ्या. मी पाणी घेऊन आत गेलो तर सर म्हणाले, "दुर्गाप्पा, थांब. तुझी साक्ष लागेल."

"पोलिसांनी अपघात म्हणून लिवलं," सोपान म्हणाला. "माझं त्यानं भागत न्हाई. माझा भाऊ कुणामुळं गेला ते कागदावर पायजे मला. एक तर तुमच्या शाळंनं पोरीला असलं शिकवलं, न्हाईतर पोरीनं दोर सोडला. दोनातलं एक लिवा."

"सोपान, लेकरू आहे ते," आबासाहेब म्हणाले.

"मला का कळत न्हाई? भावाची पोर हाय, आता मलाच सांभाळायची हाय. पण गाव आत्ताच बोलाय लागलंय. भ्याली आन् सोडून दिला म्हणत्यात. बाप मारला म्हणत्यात. उद्या तिला दारात कोण उभं करंल?"

"तिला विचारलंत का?" सरांनी विचारलं.

"बोलतच न्हाई ती. दोन दिस झाले, तोंड उघडलं न्हाई."

मग भिंतीकडून बाईंचा आवाज आला.

"माझं नाव लिहा."

"बाई, विचार करून बोला," घोलप सर म्हणाले. "तुम्ही तात्पुरत्या आहात. असा शेरा घेऊन बाहेर पडलात तर पुढे कुठली शाळा उभं करणार नाही तुम्हाला."

"कल्पना आहे मला. पोरीनं दोर सोडला असं कुठेही लिहायचं नाही, बोलायचं नाही. सोपानरावांनी गावात तसं सांगायचं. एवढं झालं तर मी कशालाही नाही म्हणणार नाही."

सोपाननं त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "सांगतो," तो म्हणाला.

सरांनी कागद लिहिला. दोनदा खोडला, तिसऱ्यांदा लिहिला. अभ्यासक्रमाबाहेरच्या कादंबऱ्या वर्गात वाचून धोकादायक प्रयोग करून दाखवल्याबद्दल श्रीमती रानवडे यांना कामावरून कमी करण्यात येत आहे, असा मजकूर होता. खाली बाईंनी सही केली. मग सरांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"तू रविवारी त्या वाटेनं गेला होतास ना?" आबासाहेबांनी मला विचारलं. "तुला काही वेगळं सांगायचंय?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर, व्हरांड्याकडे बघत होत्या. मी मनात हिशेब मांडला, तो आजही मला जसाच्या तसा आठवतो. खांदा गेलेला. विहिरीचं काम आता कुणी देणार नाही. घरात पाच तोंडं. नोकरी कायम व्हायला सात महिने बाकी. बाई शिकलेल्या आहेत, त्यांचं कुठेतरी होईल.

"नाही," मी म्हणालो.

"मग वाच आणि सही कर. वाचता येतं ना तुला आता?"

मी वाचलं. अक्षर अक्षर लावून, ओळ ओळ. मला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही. शेवटून दुसरी ओळ अशी होती : मयत इसमाने विहिरीत उतरण्यापूर्वी याबाबत कोणत्याही जाणकार व्यक्तीस विचारले नव्हते.

एक वर्षापूर्वी असतं तर मी त्या कागदावर अंगठा उठवला असता आणि त्यात काय आहे ते मला कधीच कळलं नसतं. मी ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्याखाली पूर्ण नाव लिहिलं, दुर्गाप्पा यल्लाप्पा धोत्रे, आणि पेन सरांना परत दिलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं बाई निघाल्या. ट्रंक मी नेली. फाट्यावर आम्ही दोघंच होतो. बाईंनी पिशवीतून ती कादंबरी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ठेवा तुम्हाला. वाचन सोडू नका."

माझ्याच्यानं ते पुस्तक घेववेना. मी हात मागे घेतला.

"बाई, त्यानं मला विचारलं होतं."

"कुणी?"

"ज्योतिरामनं. उतरायच्या आधी. मी रूळ पाहिला होता, दोर पाहिला होता. मी म्हणालो, पुस्तकात आहे, धरंल."

बाईंनी पुस्तक हळूच खाली केलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला दिसलं नाही? ऑइल, नायलॉन?"

"दिसलं."

"मग?"

"पुस्तकात होतं, बाई. मला वाटलं, माझ्या हाताला जे वाटतं ते अडाण्याचं. पुस्तकातलं खरं."

लांबून एसटीची धूळ दिसायला लागली. बाई तिकडे बघत राहिल्या.

"आत्ता सांगताय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी मी भिंतीशी उभी होते, मामा."

"मी सरांकडे जातो. कागद बदलायला लावतो."

"कागद नाही बदलणार ते. आबासाहेबांची सही झालीय." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ज्योतिरामनं विचारलं तेव्हा शालन कुठे होती?"

"तिथंच. शेजारी."

"म्हणजे तिनं ऐकलंय."

मी मान हलवली. चार दिवसांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. कागद, सर, आबासाहेब, नोकरी, सगळं आलं होतं. ती पोर ऐकून गप्प बसली आहे, हे आलं नव्हतं.

"तिच्याकडे जा," बाई म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग?"

एसटी थांबली. मी ट्रंक टपावर चढवू लागलो तर खांदा अडला, कंडक्टरनं ती वर ओढली. बाईंनी खिडकीची जागा घेतली, पण बाहेर पाहिलं नाही. पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. कुठल्या शाळेत त्या शिकवत आहेत असं कधी कानावर आलं नाही. या गोष्टीला आता चौतीस वर्षं होऊन गेली.

फाट्यावरून मी शाळेत न जाता मळ्यात गेलो. दार शालननंच उघडलं, कोपरानं ढकलून. तिचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले होते. हळद बाहेरपर्यंत उतरली होती.

"हात बघू," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. मी फडकं सोडलं तेव्हा तिनं हात ओढून घेतले नाहीत. दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती, करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत. मधल्या बोटांशी आत पांढरं दिसत होतं. असे हात मी विहिरीच्या कामावर दोनदा पाहिले होते, मोठ्या गड्यांचे. त्यांनीसुद्धा इतका वेळ मुठी आवळून ठेवल्या नव्हत्या. सगळा दोर संपेपर्यंत तो तिच्या मुठीतून गेला होता.

"शालन," मी म्हणालो, "तू दोर सोडला नव्हतास."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"जो सोडतो त्याचे हात भाजत नाहीत. ज्यानं कामं केलीत त्याला हे बघून कळतं. कुणी काही म्हणालं तर हे दाखव. तू शेवटपर्यंत धरून होतीस."

तिचे ओठ हलले. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलत होती म्हणून असेल, आवाज खरवडल्यासारखा आला.

"मग दोर कसा गेला?"

मी तिला सांगितलं. लोखंड, ऑइल, नायलॉन. गोणपाट लावतात ते. मागच्या झाडाला टोक बांधतात ते. सोमवारचा धडा मी तिला दारात उभा राहून शिकवला, आणि मी चांगला शिकवला, कारण पुस्तकाआधीपासून तो मला येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिनं विहिरीच्या बाजूला, त्या कडुनिंबाकडे पाहिलं.

"हे तुम्हाला तवाच म्हाईत होतं?" तिनं विचारलं.

"होय."

"अण्णांनी तुम्हाला इचारलं, तवा?"

"होय."

तिनं तळवे परत पोटाशी घेतले. फडकं माझ्याच हातात राहिलं होतं. आतून सोपानच्या बायकोचा आवाज आला, "कोण आलंय गं दारात?"

"कुणी न्हाई," शालन म्हणाली, आणि कोपरानं दार लावून घेतलं.